नेपाळचं तिकीट नंतर काढा, आधी मृत्युपत्र करा

पत्र (थोडक्यात): मी ३२ वर्षांची, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. माझी जोडीदार २९ वर्षांची, खासगी शाळेत शिक्षिका, मूळची वर्ध्याची. चार वर्षांपासून मनीष नगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. घरमालकाच्या आणि सोसायटीच्या लेखी आम्ही मैत्रिणी. मागे तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्यात ‘रक्ताच्या नात्याचं कोणी आणा’ म्हणून दोन तास अडवून ठेवलं. आता वर्ध्याहून तिच्यासाठी स्थळं येताहेत. ‘ती परत आली नाही तर पोलिसात देईन, दोघी आत जाल,’ असं तिचा भाऊ म्हणतो. नेपाळमध्ये समलिंगी लग्नं नोंदवतात म्हणे. तिकडे जाऊन लग्न केलं तर इथे चालेल का? कोर्टाजवळचा एक जण १५ हजारांत नोटरी करून लग्नाचं सर्टिफिकेट देतो म्हणतो. दोघींच्या नावे फ्लॅटही घ्यायचाय. आणि २०२१ साली नागपुरातच दोन महिला डॉक्टरांनी साखरपुडा केल्याचं वाचलं होतं. आम्ही करावा का?

उत्तर:

त्या १५ हजारांपासून सुरुवात करू, कारण ते अजून वाचवता येतील. नोटरी लग्न लावून देऊ शकत नाही. तुमचंही नाही आणि मुला-मुलीचंही नाही. केंद्राच्या विधी विभागानं ऑक्टोबर २०२४ मध्ये नोटरींना लेखी बजावलं की लग्नाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका. म्हणजे ५०० रुपयांच्या मुद्रांकावरचा तो ‘विवाह करार’ बँकेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात कुठेच उपयोगी नाही. उलट भावाच्या हाती लागला तर ‘बहिणीला फूस लावून खोटे कागद केले’ म्हणायला त्याला आयतं निमित्त मिळेल.

आता नेपाळ. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २७ जून २०२३ रोजी अंतरिम आदेश दिला की अशा जोडप्यांच्या लग्नांची तात्पुरत्या, वेगळ्या नोंदवहीत नोंद करा. पहिली नोंद २९ नोव्हेंबर २०२३ रोजी लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेत झाली. त्यातली वधू पारलिंगी होती आणि कागदोपत्री तिची नोंद पुरुष अशी होती. ‘नेपाळमध्ये परवानगी मिळाली’ एवढंच बातम्यांतून कळतं, पण कायदा बदलणं वेगळं आणि अंतरिम आदेशावर वेगळ्या वहीत नोंद होणं वेगळं. तैवानमध्ये २४ मे २०१९ पासून आणि थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून पूर्ण कायदा आहे, तिथे परदेशी जोडप्यांनाही लग्न करता येतं. मात्र त्यासाठी तुम्ही अविवाहित असल्याचे कागद आपल्या देशाकडून किंवा दूतावासाकडून आणावे लागतात. आणि हे सगळं जमवून आणलेलं प्रमाणपत्र नागपूरला उतरल्यावर एक आठवण म्हणून उरतं. परदेशात झालेलं लग्न इथे मानायचं की नाही हा मुद्दाही २०२३ च्या खटल्यात होता, आणि तो मान्य झाला नाही. काठमांडूला फिरायला जा, पण त्या वहीवर घर आणि पैसा अवलंबून ठेवू नका.

तो खटला म्हणजे सुप्रियो विरुद्ध भारत सरकार. निकाल १७ ऑक्टोबर २०२३, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा, १९५४ न्यायालय बदलून लिहू शकत नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. लग्नाऐवजी निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी का, आणि अशा जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता यावं का, यावर ३ विरुद्ध २ अशी फूट पडली आणि बहुमतानं ‘नाही’ म्हटलं. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. म्हणजे न्यायालयाचा रस्ता तूर्तास बंद आहे. ‘पुढच्या वर्षी काहीतरी होईल’ म्हणून कागद लांबणीवर टाकू नका.

राजकारणाचं सूत्र नागपूरकरांना कुणी वेगळं समजावायला नको. २०१८ साली समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल लागला तेव्हा संघाची भूमिका आली की हा गुन्हा नाही, पण अशा लग्नाचं समर्थन नाही. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालकांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसं समाजात कायम होती, त्यांनाही जगण्याचा हक्क आहे असं सांगितलं. मार्चमध्ये सरकार्यवाहांनी लग्न स्त्री-पुरुषांतच होतं हे स्पष्ट केलं. त्याच महिन्यात केंद्राचं प्रतिज्ञापत्र न्यायालयात गेलं, त्याचा सूरही तोच. तुमच्या घरात रेशीमबागेचं, म्हणजे संघाचं वळण असेल तर यातलं पहिलं वाक्य बापाशी बोलताना कामी येईल; दुसऱ्याची आठवण तो स्वतःच करून देईल. विरोधकांनीही फार काही केलेलं नाही. सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायदा बदलण्यासाठी खासगी विधेयक मांडलं, पण संसदेत खासगी विधेयक शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली.

शेजारी पाहिलंत तर असंच अर्धंमुर्धं चित्र आहे. भूताननं २०२१ मध्ये गुन्हा काढून टाकला, लग्नाचं काही केलं नाही. सिंगापूरनं २०२२ मध्ये ३७७अ रद्द केलं आणि त्याच वेळी लग्नाची व्याख्या न्यायालयांच्या हाताबाहेर ठेवण्यासाठी घटनादुरुस्ती केली. श्रीलंका, बांगलादेश आणि पाकिस्तानात तर इंग्रजांचं कलम अजून जिवंत आहे.

एक वाट मात्र कुणी फारशी बोलत नाही. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे, पाचवी नोंद. म्हणजे महाराष्ट्र विधिमंडळही या विषयावर कायदा करू शकतं. केंद्राच्या कायद्याशी विसंगत ठरला तर राष्ट्रपतींची संमती लागते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन तुमच्याच गावात भरतं. आमदाराकडे ‘लग्न द्या’ म्हणून गेलात तर चहा पाजून वाटेला लावतील. त्यापेक्षा ‘रुग्णालयात आणि शिधापत्रिकेवर जोडीदाराची नोंद घेण्याबाबत केंद्रानं २०२४ मध्ये राज्यांना पत्रं पाठवली, त्यावर राज्यानं कोणता शासन निर्णय काढला?’ असा तारांकित प्रश्न विचारायला सांगा. त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते नोंदीवर येतं.

ती पत्रं कामाची आहेत, म्हणून नीट सांगतो. सुप्रियो निकालानंतर केंद्रानं मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऑगस्ट २०२४ मध्ये तीन गोष्टी बाहेर आल्या. अन्न विभागानं राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरा. वित्तीय सेवा विभागानं २८ ऑगस्टला स्पष्ट केलं की संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. आणि आरोग्य मंत्रालयानं राज्यांना लिहिलं की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. यातले ‘उपलब्ध नसतील तेव्हा’ हे शब्द पुन्हा वाचा. वर्ध्याचा भाऊ दीड तासात उपलब्ध होतो.

बँकेपासून सुरुवात करा, ते सर्वांत सोपं. संयुक्त खातं ‘दोघींपैकी कोणीही किंवा हयात असलेली’ या पद्धतीनं उघडा. काउंटरवरच्या माणसानं नातं विचारलं तर ‘मैत्रीण’ लिहून चालतं. तो अडलाच तर २८ ऑगस्टच्या पत्राची प्रत पुढे करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनीपर्यंत नावं देता येतात. त्यामुळे आईचं नाव काढून भांडण ओढवून घेण्याऐवजी टक्के वाटून दोघींची नावं ठेवता येतील. शिधापत्रिकेची घाई नाही. तिथे अर्जात ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ हा रकाना आहे आणि बाबूचं घोडं तिथेच अडतं. (अन्नसुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असते, तेव्हा निदान तो मान तुमचा.)

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ही चूक शिकल्या-सवरलेल्यांकडूनही होते. नॉमिनीनं पैसे उचलायचे आणि वारसांना द्यायचे, असा न्यायालयांचा जुना निर्णय आहे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. विमा कायद्यात २०१५ पासून आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचाच होतो, पण त्या यादीत तुम्ही बसत नाही. मग वारस कोण? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार अविवाहित, निपुत्रिक स्त्रीची मालमत्ता मृत्युपत्र नसेल तर आई-वडिलांकडे जाते. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. चार वर्षं एकत्र राहिल्याचा त्यात एक रुपयाही हिशेब नाही.

म्हणून मृत्युपत्र, दोघींची दोन वेगळी. एकाच कागदावर दोघींचं करू नका, एकीनं बदलायचं ठरवलं की गुंता होतो. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. दोन साक्षीदार लागतात. सही त्यांच्यादेखत करावी किंवा ती आपलीच असल्याचं त्यांना सांगावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही द्यायचंय त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयानं तुमच्याएवढे किंवा लहान आणि नागपुरात टिकून राहणारे निवडा. पुण्याला बदली होणारा सहकारी वीस वर्षांनी सापडत नाही. जोडीदाराचा उल्लेख ‘पत्नी’ असा न करता पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्त्यासह करा. ‘पत्नी म्हणून देते’ असं लिहिलंत तर वाद त्या शब्दावर सुरू होतो. आई-वडिलांना का वगळलं किंवा कमी का दिलं, हे एका ओळीत शांतपणे लिहा, म्हणजे त्यांची आठवण राहिली नव्हती असं कुणाला म्हणता येत नाही. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत दुय्यम निबंधकाकडे ती कराच, कारण हे मृत्युपत्र लढवलं जाणार हे गृहीत धरायचं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब, नागपुरात सक्तीचं नाही. वडिलोपार्जित शेतातला तिचा अविभक्त हिस्साही ती मृत्युपत्रानं देऊ शकते, पण तो देऊ नये असं आमचं मत आहे. एका एकरासाठी सगळंच मृत्युपत्र कोर्टात लटकेल.

भविष्यनिर्वाह निधीचा नियम वेगळा. सभासदाला ‘कुटुंब’ असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरचा असेल तर नामांकन अवैध. स्त्री सभासदाच्या कुटुंबात नवरा, मुलं आणि तिच्यावर अवलंबून असलेले आई-वडील येतात. वडिलांना स्वतःची पेन्शन असेल आणि दोघेही तुमच्यावर अवलंबून नसतील, तर तुम्हाला कुटुंब नाही असं धरलं जातं आणि कुणाचंही नाव देता येतं. पोर्टलवर ‘कुटुंब आहे का’ या प्रश्नाला विचार न करता ‘हो’ केलं की पुढे जोडीदाराचं नाव घालायची सोय उरत नाही. ग्रॅच्युइटीचा नियमही याच धर्तीचा आहे. तो फॉर्म कंपनीत वेगळा भरावा लागतो आणि रुजू होताना भरलेल्या फॉर्ममध्ये बहुधा वडिलांचं नाव पडून असतं.

दवाखान्याबद्दल. तिथे जे झालं त्याला कायद्याचा आधार नव्हता. रुग्ण शुद्धीत आणि सज्ञान असेल तर संमती तिचीच. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं की शस्त्रक्रियेसाठी प्रौढ रुग्णाच्या आईची सहीही चालत नाही. जिवावर बेतलं असेल तर डॉक्टर संमतीची वाट न पाहता उपचार करू शकतात. ‘नातेवाइकाची सही’ ही बिल आणि जबाबदारी यांच्या भीतीतून आलेली रीत आहे, मेडिकल-मेयोसारखं सरकारी रुग्णालय असो की खासगी. पुढच्या वेळी भरतीच्या वेळेलाच तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं: ‘माझ्या प्रकृतीची माहिती अमुक हिला द्यावी, मी निर्णय घेऊ शकत नसेन तर हिला विचारावं, बिलाची जबाबदारी हिची.’ शेवटचं वाक्य सर्वांत लवकर काम करतं.

शुद्ध हरपली तर काय, हा खरा प्रश्न. इथे वकील सर्रास मुखत्यारपत्र करून देतात आणि तेच फसवं ठरतं. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की ते संपतं. म्हणजे जेव्हा गरज पडते नेमकं तेव्हाच. कोमातल्या माणसाची बँक आणि घर हाताळायला उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून दोन कागद वेगळे करा. एक, वैद्यकीय अग्रिम निर्देश: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आणि २४ जानेवारी २०२३ ला सोप्या केलेल्या नियमांप्रमाणे दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा. त्यात निर्णय कोण घेईल त्याचं नाव लिहिता येतं, एकापेक्षा जास्त नावंही चालतात. एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. हा निर्देश आयुष्याच्या अखेरच्या उपचारांपुरता आहे, अपेंडिक्ससाठी नाही. दोन, मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १४ खाली ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे मानसिक उपचारांच्या वेळी तुमची बाजू पाहणारी व्यक्ती: साध्या कागदावर नाव आणि सही. हा दुसरा कागद तिनं याच आठवड्यात करावा, कारण मुलीला ‘सुधारण्यासाठी’ मनोरुग्णालयात नेण्याची वाट काही घरं धरतात. समलैंगिकता हा आजार नाही आणि ती ‘बरी’ करण्याचे उपचार हा डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तणुकीचा विषय आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवलंय.

फ्लॅट घेताना खरेदीखतात दोघींचे हिस्से टक्क्यांत लिहा. नाहीतर कुणी किती पैसे घातले यावरून हिस्सा ठरतो आणि दहा वर्षांनी पासबुकं शोधत बसावं लागतं. सगळे खरेदीदार महिला असतील तर मुद्रांक शुल्कात १% सवलत आहे. ४५ लाखांच्या फ्लॅटवर ४५ हजार वाचतात. आधी एकीच्या नावे घेऊन नंतर अर्धा हिस्सा ‘गिफ्ट’ करण्याची कल्पना असेल तर सोडा. नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र २०० रुपयांत होतं, तुम्हाला पूर्ण शुल्क पडेल. शिवाय नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांवर भेट मिळाली की सगळ्या रकमेवर प्राप्तिकर लागतो. या कर-नियमाला एका जोडप्यानं २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. काही बँका सहकर्जदार म्हणून नातेवाईकच घेतात, तेव्हा बिल्डरला टोकन देण्याआधी दोन-तीन बँकांत विचारा. तोवर भाडेकरारात दोघींची नावं परवानाधारक (भाडेकरू) म्हणून घाला आणि करार नोंदवून घ्या. एकत्र राहण्याचा तारीखवार पुरावा तोच.

आता भाऊ. ‘आत जाल’ ही धमकी पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ पासून प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलमच नाही. तो करू शकतो ते म्हणजे ‘बेपत्ता’ची तक्रार किंवा दागिने नेल्याची फिर्याद. म्हणून तिनं घरून फक्त स्वतःची मूळ प्रमाणपत्रं, आधार आणि पासबुक आणावं. आईनं दिलेली चेनसुद्धा मागे ठेवावी. मग ‘मी सज्ञान आहे, स्वेच्छेनं अमुक पत्त्यावर राहते, मला कुणी पळवलेलं नाही’ असं पत्र वर्ध्याच्या आणि नागपूरच्या, दोन्ही ठाण्यांना पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवावं. ते तिनं लिहावं, तिच्या सहीनं. तुमच्या अक्षरातलं पत्र तुमच्याच विरुद्ध जातं. पोलिसांना साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब घ्यायचा असेल तर तिला ठाण्यात बोलावता येत नाही, ते घरी येतात. तिला घरात डांबून ठेवलं तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका होते. अशा प्रकरणांत न्यायाधीशांनी मुलीशी एकटीशी बोलावं आणि तिला समुपदेशनाच्या नावाखाली घरी पाठवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये बजावलंय. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात, कुटुंब बनायला लग्न हा एकच मार्ग नाही, असंही म्हटलं. वकिलाचा खर्च ही अडचण नाही: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो (फोन १५१००). आई-वडील किंवा भाऊ मारहाण करत असतील तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मुलीलाही लागू आहे; तो फक्त सुनांसाठी नाही. बोलायला माणसं हवी असतील तर या विषयावर नागपुरात सारथी ट्रस्ट काम करतं.

राहिला साखरपुडा. अवश्य करा. अंगठ्या घालायला कुठल्याही कायद्याची परवानगी लागत नाही आणि बंदीही नाही. हॉलच्या फॉर्मवर ‘कौटुंबिक कार्यक्रम’ लिहा, ते खोटं नाही, आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करा. फोटो मात्र तिची मूळ प्रमाणपत्रं वर्ध्याहून तुमच्या कपाटात आल्यावरच टाका.